आईची भेंडी, मावशीचा कळंब

सावलीसाठी कुठलं झाड लावू, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "पाणी कुठलं घालणार?" माणसं बुचकळ्यात पडतात. पाणी म्हणजे पाणी, त्यात कुठलं काय? जागा किती आहे, माती कसली आहे, ऊन कुठून येतं, हे सगळं त्यांनी ठरवून ठेवलेलं असतं. बोईसरच्या बाजारात माझ्याकडे मासळी घ्यायला येणारी बरीच माणसं हल्ली घरं बांधतायत. कुणाला दारात झाड लावायचंय, कुणाला कंपनीच्या आवारात. मग मी बोंबील साफ करता करता त्यांना झाडांवर प्रवचन देते, आणि ती मुकाट ऐकून घेतात, कारण मासळी अजून माझ्या हातात असते.

तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर आमचं घर. घरची होडी, आणि बोईसरच्या बाजारात आईची बसायची जागा. ही जागा आईला तिच्या आईकडून आली आणि तिच्याकडून मला. आमच्यात जागा अशीच जाते, आईकडून मुलीकडे, नाहीतर सासूकडून सुनेकडे. मी कॉलेज केलं, काही महिने एका ऑफिसात बसूनही पाहिलं, आणि परत टोपलीकडे आले. लोकांना वाटतं नाइलाजाने आले. नाइलाज कसला? तिथे दिवसभर मला कुणी ना कुणी काय करायचं ते सांगायचं. इथे मी सांगते.

पूर्वी आमची रांग एका थोराड पर्जन्यवृक्षाखाली बसायची. रस्ता रुंद झाला, झाड गेलं, आणि आम्हाला थोडं पलीकडे एका मोकळ्या मैदानाच्या कडेला जागा मिळाली. मोकळं म्हणजे अगदी मोकळं. मुरुमाचा भराव, वर आभाळ, समोरून रिक्षा आणि शिफ्टच्या बसगाड्या. सकाळी पहिली बस कामगार उतरवून जाईपर्यंत ऊन सौम्य असायचं. त्यानंतर मात्र पापलेटच्या डोळ्यांवर पडदा यायला लागायचा, बर्फ घाईघाईने विरघळायचा, आणि गिऱ्हाईक उन्हात उभं राहून घासाघीस करायला तयार नसायचं. छत्र्या बांधल्या, पण समुद्रावरचा वारा इथवर येतो आणि छत्री म्हणजे त्याला खेळणं. आईच्या डोक्याला उन्हाने कळा लागायच्या. दुपार व्हायच्या आत उठावं लागायचं आणि निम्मी टोपली तशीच घरी न्यायची. आणखी दोन उन्हाळे असे गेले तर मला जागा सोडावी लागेल, असं ती एकदा म्हणाली. माझी आई 'सोडते' हा शब्द सहसा कशाबद्दलच वापरत नाही, म्हणून मला त्याची धास्ती वाटली.

आमच्या रांगेला लागून भाजीवाल्यांची रांग होती. आईच्या अगदी शेजारी, म्हणजे मासळी संपते आणि भाजी सुरू होते त्या ठिकाणी, मनोरच्या आतल्या एका पाड्यावरून येणारी बाई बसायची. मी तिला मावशी म्हणते. डोंगराच्या उतारावर तिचं थोडं शेत, तेही पावसाच्या भरवशावरचं. पावसाळ्यात आणि पुढे दिवाळीपर्यंत ती काकड्या, शिराळी, कर्टुली घेऊन यायची. दिवाळीनंतर शेत रिकामं झालं की घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायची, आणि भट्ट्या बंद झाल्या की पावसाच्या तोंडावर परत. आई आणि मावशी दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढायच्या आणि जाताना एकीच्या टोपलीत काकडी, दुसरीच्या टोपलीत सुके बोंबील असायचे.

झाड लावायचं यावर दोघींचं लगेच एकमत झालं. कुठलं, यावर आठवडाभर जुंपली.

आईचं म्हणणं, भेंडी. भाजीतली नव्हे, आमच्या किनाऱ्यावरची. बदामाच्या आकाराची चकचकीत पानं, सकाळी पिवळी आणि संध्याकाळी लालसर होणारी फुलं. आमच्या वाडीत घरोघरी कुंपणाला आहे. पानाची गुंडाळी करून पोरं पिपाण्या वाजवतात. "वारा खाते, खारं खाते, दगडात उबी राहते. वरीसभर पाला टिकतो. आनी काय पायजे?" आई म्हणायची.

मावशीला हे झाड मुळातच पटलं नव्हतं. "हे काय झाड हाय? कुंपन हाय. वाकडंतिकडं जातं. बाजारात मानसाच्या डोक्याला फांद्या लागतील. सावली लागते ती उंचावरून. कळंब लावा." कळंब म्हणजे कदंब. तिच्या पाड्याजवळच्या ओहोळाच्या काठाने ते आपोआप उगवतात. सरळसोट खोड, त्याला आडव्या फांद्यांचे मजले, ताटलीएवढी पानं. "एकदा लागला ना, पोरीसारखा भरभर वाडतो. खाली बसलं की अंग निवतं."

"आनी पानी किती पितो?"

"पितो. मोठं व्हायचं तर प्यायला नको?"

शेवटी दोन्ही लावायचं ठरलं. ठरलं म्हणजे दोघींपैकी कुणीच मागे हटेना, इतकंच.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आईने वाडीतल्या जुन्या भेंडीचा मनगटाएवढा खुंट कापून आणला. खालचं टोक तिरकं छाटलं, वरच्या टोकाला शेण लिंपलं, पहारीने भरावात भोक पाडलं, खुंट आत ठोकला, भोवती माती दाबली. झालं. भेंडीला बी लावत बसावं लागत नाही. जिवंत खुंट ओल्या जमिनीत उभा केला की तो मुळं धरतो. त्याची खोटही तीच आहे. खुंटाचं झाड लवकर फुटतं, पण कमरेएवढ्या उंचीवरच फांद्या काढतं आणि कुठल्या तरी बाजूला कलतं. खालच्या फांद्या सुरुवातीपासून काढत राहावं लागतं, नाहीतर झाड न होता झुडूप होतं. आई येता-जाता खालचे फुटवे बोटांनी खुडायची.

मावशीचं काम निराळं. कळंबाचं बी अगदी बारीक, धुळीसारखं. ते पेरून रोप करणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून तिने ओहोळाच्या काठचं गुडघ्याएवढं रोप मुळाभोवतीच्या मातीच्या ढेकळासकट उचललं, पळसाच्या पानांत बांधलं, आणि मांडीवर घेऊन एसटीने आणलं. खड्डा मात्र तिने असा काढला की आम्ही बघत राहिलो. कळंबाला खोल, भुसभुशीत, ओल धरणारी माती लागते. तिने मुरुम उपसून बाजूला टाकला आणि दोन खेपांत पाड्यावरची तांबडी माती आणून खड्डा भरला. "तुझ्या झाडाचे लय लाड," असं आई म्हणाली. मावशी धापा टाकत रोपाभोवती माती दाबत राहिली.

तो पावसाळा दोन्ही झाडांना मानवला. दिवाळीपर्यंत भेंडीच्या खुंटावर पानांची टोपी आली होती आणि कळंब माझ्या छातीला लागत होता. मावशी रोज निघताना भाजीवर शिंपडायला आणलेलं उरलेलं पाणी त्याला घालायची आणि आईकडे अशी बघायची की जणू शर्यत लागलीय. खरं सांगायचं तर लागलीच होती.

दिवाळीनंतर मावशीच्या भट्टीवर जायचे दिवस आले. जायच्या आधी ती शेवटच्या काकड्या घेऊन आली, विकल्या, आणि मग कळंबाच्या बुंध्याशी उकिडवी बसली. मैदानात नळ नव्हता. पिण्याचं पाणीसुद्धा आम्ही घरून आणायचो. तिने आईला विचारलं, "माज्या माघारी बगशील?"

आई म्हणाली, "माज्या भेंडीला घालीन तेवढं पानी तुज्या कळंबाला घालीन. एक थेंब कमी घातला तर माजं नाव बदल."

माझ्या आईने शब्द दिला की तो तिच्यासाठी होडीच्या दोरासारखा. तुटेपर्यंत सोडायचा नाही. मावशीला तेवढं पुरलं. ती निर्धास्त गेली.

आणि आईने तो शब्द अक्षरशः पाळला. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आम्ही मासळीच्या पेट्यांत बर्फ घालतो आणि थंडावा चढावा म्हणून त्यावर जाडं मीठ मारतो. दुपारपर्यंत पेटीच्या तळाशी पाणी साचतं. आमच्या वाडीत हे पाणी पायरीवरून भेंडीच्या मुळातच ओतलं जातं. मी लहानपणापासून तेच पाहिलंय. भेंडीला त्याचं काही वाटत नाही, उलट मासळीच्या पाण्यावर ती चांगली पोसते. तेव्हा मैदानात नळ नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार? उठताना प्रत्येकीने आपली पेटी झाडांना रिकामी करायची, असा नियम आईने घालून दिला. आज भेंडी आधी, उद्या कळंब आधी. कुणी टाळाटाळ केली तर आई तिला सगळ्यांसमोर सुनवायची. मावशीच्या झाडावर अन्याय होऊ नये म्हणून कधी कधी तर कळंबाला एक पेटी जास्त मिळायची.

थंडी सरता सरता कळंबाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. जणू कुणी प्रत्येक पानाला काडी लावून लगेच विझवली होती. मग पानं वळायला लागली आणि गळू लागली.

आमच्याकडे काहीही बिघडलं, कुणाचा खोकला लांबला, कुणाची वेल वाळली, की सगळे आधी कंपन्यांच्या धुराकडे बोट दाखवतात. आम्हीही दाखवलं. मीच सगळ्यात जोरात. एक उत्तरेकडचा कामगार रोज मांदेली घ्यायला यायचा. तो आईला म्हणाला, "मौसी, धुआं तो दोनों पेड़ों पर पड़ता है." मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. भेंडी तिथेच, त्याच धुरात, हिरवीगार उभी होती. मग कीड असेल म्हणून कडुलिंबाचा पाला उकळून शिंपडला. मग आई म्हणाली, झाड तहानलेलं दिसतंय. पानं वळतायत म्हणजे पाणी कमी पडतंय. आणि आम्ही त्याला आणखी पाणी द्यायला लागलो. तेच पाणी.

एके दुपारी आई कळंबाखालची वाळलेली पानं गोळा करत होती. खाली वाकली ती तशीच राहिली. बुंध्याभोवतीच्या तांबड्या मातीवर पांढरट साय धरली होती. आमच्या अंगणात मासळी खारवायला ठेवतो त्या ठिकाणच्या जमिनीवर अशीच साय धरते. आईने बोट मातीवर टेकवलं आणि जिभेला लावलं. मग ती खाली बसली.

"गो," ती मला म्हणाली, "आमी झाड खारवलं."

तिच्या आवाजात इतकं वाईट वाटणं मी पूर्वी फक्त एकदाच ऐकलं होतं, होडी फुटली तेव्हा. रांगेतल्या सगळ्या बायका जमल्या. आयुष्यभर मीठ मारण्यात हात मुरलेल्या आम्ही बायका. सुरमईला किती मीठ, वाकट्यांना किती, हे झोपेतही सांगू. ओहोळाकाठच्या झाडाला मीठ चालत नसेल, एवढं मात्र आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. आमच्या जगात झाडं खारं पितात. न पिणारं झाड आम्ही पाळलंच नव्हतं.

मी लगेच उपाय सुचवला. कळंबाची रोपं हल्ली कुठल्याही नर्सरीत मिळतात. तेवढ्याच उंचीचं आणू, त्याच खड्ड्यात लावू. मावशी येईपर्यंत तेही लागेल. तिला काय कळणार?

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेलं वाक्य गिळलं. "तिला कळंल," ती म्हणाली. "आनी नाय कळलं तरी मला कळंल."

शिमग्याला भट्टीवरची माणसं सणापुरती पाड्यांवर येतात. मावशी आली होती, पण तिला बोईसरपर्यंत यायला सवड झाली नाही. तिच्या पाड्यावरची एक बाई बाजारात आली आणि आईसमोर उभी राहून म्हणाली, "तिनं विचारलंय, झाड कसं हाय." मी पटकन म्हणाले, "मस्त आहे, सांगा." आईने मला हाताने बाजूला केलं. "सांग तिला, आजारी हाय. माज्या हातानं झालंय. मी बगतेय." त्या बाईने कळंबाकडे पाहिलं. त्यावर तेव्हा जेमतेम मूठभर पानं होती. ती तशीच निघाली. मी आईवर चिडले. खोटं बोलून काय बिघडलं असतं? ती बिचारी भट्टीवर बसून आता नुसती काळजी करणार. आई म्हणाली, तिचं झाड आहे, तिची काळजी आहे, ती तिला करू दे.

मग तिने कामाला हात घातला, आणि माझ्या आईने हात घातला की रांगेत कुणाला बसायची सोय राहत नाही. आधी बुंध्याभोवतीची खारट माती, मुळांना धक्का न लावता, हातांनी उकरून काढली. मनोरकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला गळ घालून तिकडची तांबडी माती मागवली. ती मासळीच्या टोपल्यांतून आली. टोपल्या आधी दोनदा धुतल्या, आईने त्या स्वतः हुंगून पाहिल्या. वाळलेला शेंडा कोयत्याने जिवंत लाकडापर्यंत छाटला आणि कापावर शेण लावलं.

माती बदलली तरी खाली मुरलेलं मीठ धुऊन जायला गोडं पाणी लागणार होतं, तेही भर चैत्रात. घरच्या विहिरीचं पाणी मचूळ. विकतचे कॅन किती आणणार? आईने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फवाल्याची गाडी आली तेव्हा माझा हात धरला. मी मीठ मारायला घेतलं होतं.

"थांब. आदी झाडाचा वाटा काड."

बर्फ गोड्या पाण्याचा असतो. रोज ज्यावर आमचा धंदा चालतो तेच गोडं पाणी आमच्या हातात होतं, आणि आम्ही त्याला खारट करून झाडाला पाजत होतो. आईने एक जुना माठ आणला, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडलं, आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्धा जमिनीत पुरला. रोज सकाळी मीठ लागायच्या आधी बर्फाचा मोठा तुकडा फोडून त्यात टाकायची आणि वर गोणपाट. दिवसभर थेंबथेंब पाणी मुरायचं. तेवढा बर्फ मासळीला कमी पडायचा. म्हणून आई कमी माल आणायची आणि लवकर विकायची. रांगेतल्या इतरजणीही मग आपल्या लादीतला कोपरा तोडून माठात टाकू लागल्या. मासळीच्या पेट्या सगळ्या भेंडीला जाऊ लागल्या, आणि भेंडी फुगत चालली.

पण छाटलेल्या खोडाला ऊन सोसेना. साल तडकायला लागली. तेव्हा आईने आपली छत्री सोडवली आणि कळंबावर बांधली.

मी खूप बोलले तिला. ज्या सावलीसाठी झाड लावलं, त्या झाडाला सावली करून स्वतः उन्हात बसायचं, हा कुठला हिशोब? तिच्या डोक्याच्या कळा मला माहीत होत्या. तिने ओला टॉवेल डोक्यावर घेतला, त्यावर पदर ओढला आणि आवाज चढवून पापलेट विकत राहिली. वैशाखात, बोईसरच्या मैदानात. येणारी-जाणारी माणसं बघायची: छत्रीखाली एक काठी, आणि शेजारी उन्हात बाई. तो मांदेलीवाला कामगार एकदा हसला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीतून प्लास्टिकचं कापड घेऊन आला. त्याने ते चार काठ्यांवर आईच्या डोक्यावर बांधून दिलं. आईने त्याला मांदेली जास्त दिली. आभार वगैरे तिला मानता येत नाहीत.

आज मी इतकी मिरवते त्या दोन झाडांवरून, पण मला मिरवायचं असतं ते त्या उन्हाळ्यावरून. माझी आई तशी साधी बाई नाही. ती भांडते, अडून बसते, गिऱ्हाइकाला टाकून बोलते. पण दिलेला शब्द चुकीच्या पाण्याने मरायला लागला, तेव्हा तिने तो असा वाचवला.

पहिला फुटवा दिसला तो जमिनीपासून वीतभरावर, सालीच्या सुरकुतीत. तांबूस, नखाएवढा. मी ओरडणार होते, आईने नजरेनेच गप्प केलं. दृष्ट लागते म्हणे. आठवडाभर तिने त्याबद्दल कुणालाही काही सांगितलं नाही, आणि आठवडाभर रांगेतल्या प्रत्येकीने गुपचूप जाऊन तो पाहून घेतला.

पावसाच्या तोंडावर मावशी परत आली. डोक्यावर बोचकं तसंच, आधी बाजारात. जाताना छातीएवढं झाड ठेवून गेली होती. आता गुडघ्याएवढ्या ठोंबाच्या बाजूने एक कोवळी फांदी निघाली होती, तिला चार-सहा पानं. आई उभी राहिली. आईने सगळं सांगितलं, पेट्यांचं, मिठाचं, मातीचं, काही न लपवता. मी शेजारी विळीवर बसून खाली मान घालून मासा कापत होते, आणि कान तिकडे होते.

मावशीने बोचकं उतरवलं. माठात हात घातला, बर्फाचं पाणी तोंडाला लावून बघितलं. नवी माती चिमटीत चुरडली. मग म्हणाली, "आमच्या तिकडली हाय."

"हां."

"बरं केलं," मावशी म्हणाली, आणि खाली बसून तंबाखू काढली. त्या दिवशी दोघी भांडल्या नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्या पावसाळ्यात कळंबाने जी उसळी घेतली ती मी कधी विसरणार नाही. मुळं शाबूत होती, वर एकच फांदी, आणि पाऊस गोडा. त्या फांदीचंच खोड झालं. आता कुणी पाहिलं तर झाड एकदा मेलं होतं हे सांगूनही पटत नाही. बुडाशी फक्त एक बाक आहे. आज दोन्ही झाडं मोठी आहेत आणि त्यांची तुलना मी गिऱ्हाइकांना फुकटात ऐकवते. भेंडीची सावली दाट, बुटकी, लवकर मिळालेली. तिसऱ्या उन्हाळ्यात आई तिच्याखाली दुपारभर बसली. पाला एकदम झडत नाही, वारा लागला तर वाकते, मोडत नाही. पण फळं धरली की लाल ढेकूण येतात, ते टोपल्यांत चढतात, आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. खालच्या फांद्या अजूनही दरवर्षी काढाव्या लागतात. कळंबाची सावली यायला वेळ लागला, पण ती उंच आहे, मोठी आहे, तिच्याखालून वारा खेळतो आणि शिफ्टची बससुद्धा तिच्या कडेला उभी राहते. पावसात फुलांचे पिवळे गोळे लागतात तेव्हा मासळीच्या वासातूनही त्याचा वास कळतो. मात्र उन्हाळ्यात गोडं पाणी चुकवलं की लगेच तोंड पाडून बसतो. खाऱ्या वाऱ्यात, मचूळ पाण्यावर घर असेल तर भेंडी लावा. विहीर गोडी आणि माती खोल असेल तर कळंब. दोन्ही लावायची हौस असेल तर मधे माझ्या आईसारखी एक बाई ठेवा.

पण हे सगळं पुढचं. मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचं. कळंब तेव्हा पुन्हा छातीएवढा झाला होता. मावशी भट्टीवर निघाली होती. आईने तिला काही बोलू दिलं नाही, स्वतःच म्हणाली, "यंदा झाड दुसऱ्या कोनाला सांग. पलीकडं फुलवाला बसतो, त्याच्याकडं बादलीत गोडं पानी असतं. माज्यावर नको टाकू."

मला वाटलं मावशी हो म्हणेल. शहाण्या माणसाने हो म्हणायला हवं होतं. तिने फुलवाल्याकडे एक नजर टाकली.

"त्याला सांगीन, तर तो पयल्यापासून चुकंल," ती म्हणाली. "माज्याच झाडावर. तुजं काय चुकायचं ते चुकून झालंय."

मागच्या वेळी आईने केवढा मोठा शब्द दिला होता. या वेळी तिने दोनदा मान हलवली आणि फक्त "बरं" म्हणाली. मला त्या दोघींचा इतका अभिमान वाटला की गिऱ्हाईक समोर उभं असताना मी विळी आडवी केली आणि उठून उभी राहिले.